देणेकरी कोण?

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या दारात वसुलीवाला आला. मी रात्रपाळी करून नुकता आडवा झालो होतो. आईनं उठवलं. म्हणाली, 'बघ रे, कुणी साहेब आलाय.' बाहेर येऊन बघतो तर साहेब कसला, आपलाच पोरगा. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत माझ्या पुढं ढोल बडवणारा. मला बघून आधी 'जय भीम' म्हणाला. मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, 'भाऊ, दोन हप्ते थकलेत. आज नाही दिलेस तर मला वर उत्तर द्यावं लागंल. इथंच आवाज चढवू का तूच सांग.'

कर्ज माझंच होतं. आईच्या ऑपरेशनच्या वेळी मोबाईलवरून काढलेलं. अर्ज दहा हजारांचा, हातात आले साडेआठ. दीड हजार कुठले कापले ते इंग्रजीत लिहिलं होतं. मी मॅट्रिक आहे, वाचता येतं मला. पण आई स्ट्रेचरवर असताना कोण वाचत बसतो?

आवाज चढवला असता तर काय झालं असतं? चाळ गोळा झाली असती आणि सगळ्यांनी माझ्याकडंच बघितलं असतं. दीड हजार कापणाऱ्याकडं कुणी बघितलं नसतं. त्याला तोंडच नाही. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घण घालतेय. घेणाऱ्याची मान खाली आणि देणाऱ्याची वर, हे कुणी ठरवलं? गोदीत पोती उचलता उचलता मी तेच घोळवत बसलो, सुट्टीला लायब्ररीत जाऊन वाचलं. जे सापडलं ते तुमच्यापुढं टाकतो.

सुरुवात आपल्याच भाषेपासून करू. कर्ज देणाऱ्याला जुन्या पोथ्यांत शब्द आहे उत्तमर्ण. घेणाऱ्याला शब्द आहे अधमर्ण. एक उत्तम, एक अधम. व्यवहार व्हायच्या आधीच निकाल लागलेला. आणि मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्याजाचा दरच लावून ठेवलाय, जातीप्रमाणं. महिन्याला शेकडा ब्राह्मणाकडून दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार, शूद्राकडून पाच. वर्षाचा हिशेब करा. एकाला चोवीस टक्के, दुसऱ्याला साठ. म्हंजे ज्याच्या घरात कमी त्याच्याकडून जास्त. पुढं त्याच अध्यायात लिहिलंय, देणेकरी सावकाराच्या बरोबरीचा किंवा खालच्या जातीचा असेल तर त्यानं अंगमेहनत करून फेडावं. वरच्या जातीचा असेल तर सावकाश, जमेल तसं द्यावं. वाचलंत? त्याला सवड आणि आपल्याला वेठ. माझा आजा मराठवाड्यात सालगडी होता. आत्याच्या लग्नाला घेतलेल्या पैशापोटी मालकाच्या गोठ्यात त्याची सालामागून सालं गेली. त्यानं कधी मनुस्मृती पाहिली नव्हती. मनुस्मृतीनं मात्र त्याला बरोब्बर पाहिलं होतं.

त्याच पोथीत दामदुपटीचा नियमही आहे, व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये म्हणून. खोटं कशाला बोलू? आहे. पण नियम लिहिणं वेगळं आणि वही कुणाच्या हातात हे वेगळं. ते पुढं दिसंलच.

आता लांब जाऊ. चार हजार वर्षांपलीकडं, आजच्या इराकात. तिथं माणसं मातीच्या पाट्यांवर हिशेब लिहीत. अमक्यानं इतकं जव घेतलं, इतकं व्याज. बाबिलोनचा राजा हम्मुराबी, इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातला. त्याच्या कायद्यात जवावर व्याज एकतृतीयांश, म्हंजे शेकडा तेहेतीसच्या वर. पण त्याच कायद्यात असंही आहे की वादळानं, पुरानं किंवा दुष्काळानं पीक गेलं तर त्या वर्षी शेतकऱ्यानं सावकाराला धान्य देऊ नये, पाटी पाण्यात भिजवावी आणि त्या वर्षाचं व्याज भरू नये. आणि कुणी कर्जापायी बायको, पोरगा, पोरगी दुसऱ्याच्या घरी राबायला दिली तर तीन वर्षं राबायचं, चौथ्या वर्षी सुटका. माझ्या आजाला हम्मुराबी मिळाला असता तर तो चौथ्या वर्षी घरी आला असता. इतकं मागं होतो आपण, किंवा इतकं मागं ठेवलं होतं आपल्याला.

त्याच मुलखात त्याहून जुना शब्द आहे, सुमेर लोकांचा. अमर्गी. सुटका, स्वातंत्र्य असा त्याचा अर्थ करतात. पण शब्द फोडला तर अर्थ निघतो आईकडं परत जाणं. राजा कर्ज रद्द करायचा तेव्हा गहाण पडलेली पोरं आपल्या आईकडं परत जायची. स्वातंत्र्याला जगातला जो सगळ्यात जुना लिहिलेला शब्द सापडतो, तो कर्जातून सुटलेल्या पोराचा आहे. मी हे वाचलं तेव्हा लायब्ररीत खूप वेळ गप्प बसलो होतो.

राजे कनवाळू होते काय? अजिबात नाही. सगळी रयत सावकाराच्या गोठ्यात गेली तर राजाला कर कोण देणार, लढाईला कोण जाणार? म्हणून पाट्या फुटायच्या. आणि त्यातही मेख होती. अम्मीसदुका नावाच्या बाबिलोनच्या राजाचा इसवी सनापूर्वी सतराव्या शतकातला माफीचा हुकूम आजही वाचायला मिळतो. त्यात साफ लिहिलंय की जो गुलाम मालकाच्या घरातच जन्मला, त्याला ही सुटका लागू नाही. तुझी आई गुलाम, मग तू कुठल्या आईकडं परत जाणार?

ही रेघ नीट बघून ठेवा गड्यांनो, पुढं प्रत्येक ठिकाणी ती दिसते. ग्रीसमध्ये अथेन्स शहरात गरीब शेतकऱ्याच्या रानात सावकाराच्या हक्काचे दगड रोवलेले असायचे. कर्ज नाही फिटलं की माणूस विकला जायचा, परदेशातसुद्धा. इसवी सनापूर्वी ५९४ साली सोलोननं ते दगड उपटले, कर्जं मोडली, माणूस गहाण ठेवायला बंदी केली. लोकशाहीचा पाया म्हणून शाळेत ह्याचंच कौतुक शिकवतात. पण बंदी कुणासाठी? अथेन्सच्या नागरिकासाठी. आपला माणूस गुलाम करता येत नाही म्हटल्यावर बाहेरून विकत आणले. लॉरियमच्या चांदीच्या खाणीत तेच मेले. बायबलमधल्या जुन्या करारातही पन्नासाव्या वर्षी जमिनी परत करा, बांधलेला भाऊ सोडा असं सांगितलंय. फार मोठी गोष्ट आहे ती. पण त्याच अध्यायात पुढं आहे की परक्या जातीचे गुलाम मात्र कायमचे ठेवा, पोरांना वारसाहक्कानं द्या.

म्हंजे कर्जमाफीला नेहमी एक गावकूस असतं. आत असतो तो सुटतो. बाहेरचा राबतो. गावकूस म्हंजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता हैतीची गोष्ट ऐका. ही गोष्ट आपल्या प्रत्येक पोराला पाठ पाहिजे. कॅरिबियन समुद्रात बेट, फ्रान्सच्या ताब्यात. आफ्रिकेतून आणलेले काळे गुलाम उसाच्या आणि कॉफीच्या मळ्यांत मरेपर्यंत राबायचे. १७९१ साली ते उठले. तेरा वर्षं लढले. नेपोलियनच्या फौजेला समुद्रात ढकललं आणि १ जानेवारी १८०४ ला स्वतंत्र झाले. गुलामांनी स्वतः बंड करून स्वतःचं राज्य उभं केलं. जगातल्या सगळ्या मालकांच्या पोटात गोळा आला.

मग १८२५ साली फ्रान्सच्या राजानं चौदा लढाऊ जहाजं पाठवली. तोफा किनाऱ्याकडं तोंड करून उभ्या. मागणी काय, तर १५ कोटी फ्रँक द्या, मग तुमचं स्वातंत्र्य आम्ही मान्य करतो. कशाचे पैसे? तर मळेवाल्यांचं नुकसान झालं. आणि नुकसानीत जमिनीसोबत गुलामांची किंमतही धरलेली. म्हंजे माणसानं स्वतःला सोडवून घेतलं आणि त्याचीच किंमत मालकानं त्याच्याकडून मागितली. पैसे नव्हते, म्हणून पहिल्या हप्त्यासाठी कर्ज काढायला लावलं, तेही फ्रान्सच्याच सावकारांकडून. कर्ज ३ कोटींचं, हातात आले २ कोटी ४० लाख. बाकीचे आधीच कापून घेतले. माझे दीड हजार आठवतात? दोनशे वर्षं झाली, पद्धत तीच. १८३८ साली एकूण रक्कम ९ कोटींवर आणली, पण कर्जावर कर्ज चढतच गेलं. ह्या देण्यातून उभ्या राहिलेल्या कर्जाचे शेवटचे पैसे फिटले १९४७ साली. इथं लाल किल्ल्यावर झेंडा चढला त्या वर्षापर्यंत हैतीचा शेतकरी कॉफी विकून आपल्या पणजोबाच्या मालकाचं देणं भरत होता. २००३ मध्ये हैतीचा राष्ट्राध्यक्ष अरिस्टिड ह्यानं हिशेब काढून फ्रान्सकडं २१ अब्ज डॉलर परत मागितले. पुढच्याच वर्षी तो खुर्चीवरून गेला. आज बातम्यांत हैती म्हटलं की गरीब, भिकार, भांडखोर देश. हा देश गरीब केला कुणी, ते बातमीत नसतं.

इंग्रजांचं काय वेगळं? १८३३ साली त्यांनी आपल्या वसाहतींतली गुलामगिरी बंद करायचा कायदा केला. भरपाई म्हणून २ कोटी पौंड दिले. गुलामाला? छदाम नाही. सगळे मालकाला. त्यासाठी सरकारनं काढलेलं कर्ज २०१५ साली संपलं, असं त्यांच्याच अर्थखात्यानं सांगितलंय. गुलाम सुटले म्हणून मळ्यांत माणसं कमी पडली, तेव्हा १८३४ पासून हिंदुस्थानातून करार लिहून मजूर न्यायला सुरुवात झाली. मॉरिशसला मुंबई बंदरातूनही माणसं गेली, म्हणून तिथं आजही मराठी बोलणारे आहेत. ज्या पाण्याच्या काठावर मी पोती उतरवतो, तिथूनच अंगठा उठवलेली माणसं बोटीत चढली. बोटीचं भाडं, आगाऊ रक्कम, पाच वर्षांचा करार. तिथंसुद्धा कागद.

कागदाचा विषय निघाला म्हणून आपल्या मातीवर येतो. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे गाव. बाजाराचा दिवस. शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. पुढं पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी हेच झालं. त्यांना पाहिजे होते रोखे, खतं, हिशेबाच्या वह्या. त्या बाहेर काढून त्यांनी चावडीपुढं जाळल्या. कारण काय होतं? १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस थांबला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारानं बोलावून बोलावून पैसे दिले. लढाई संपली, भाव कोसळला, सावकारानं हात आखडला. त्यातच इंग्रजानं सारा वाढवला. अमेरिकेतला मालक गुलाम ठेवायचा की नाही ह्यावर भांडत होता आणि फास बसला शिरूरच्या, भीमथडीच्या शेतकऱ्याला.

ह्यात एक बारीक गोष्ट आहे. १८५९ साली सरकारनं मुदतीचा कायदा केला होता, की कर्जरोखा तीनच वर्षं चालेल. हेतू असा की व्याज साचू नये. सावकारानं काय केलं? दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेतला. जुनं मुद्दल अधिक न दिलेलं व्याज, हे झालं नवं मुद्दल. अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नव्हतं. दामदुपट पोथीत राहिली आणि रोखा तिप्पट चौपट झाला. आज माझ्या मोबाईलवर संदेश येतो, 'तुम्हाला टॉप-अप मंजूर.' तो हाच नवा रोखा आहे. नाव तेवढं गुळगुळीत.

सुपे झाल्यावर चौकशी बसली, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो ह्याच काळात. त्यांनी सावकाराबरोबर त्याचा कागद चालवणारा भट-कारकून आणि कोर्ट ह्यांनाही सोडलं नाही. कारण ज्याला अक्षर येत नाही त्याच्या गळ्यात कुठलंही अक्षर बांधता येतं. पुढं २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. मला ह्या दोन आगी एकाच घरातल्या वाटतात. सुप्याला जळली सावकाराची वही. महाडला जळलं ते पुस्तक, ज्यात त्या वहीचा दर जातीवार लावला होता.

मुंबईतही काही वेगळं नव्हतं. १९३१ साली मजुरांबद्दलच्या रॉयल कमिशननं लिहिलं की बहुतेक औद्योगिक शहरांत कामगारांची निदान दोनतृतीयांश कुटुंबं कर्जात आहेत. रुपयाला महिन्याला एक आणा, हा नेहमीचा दर. म्हंजे वर्षाला शेकडा ७५. पगाराच्या दिवशी गेटावर सोटा घेऊन सावकार उभा. आज सोटा नाही. आज फोनमधले नंबर उपसून तुमच्या मामाला, मालकाला, बहिणीच्या सासरी फोन लावतात. सोटा पाठीवर बसायचा, हा अब्रूवर बसतो.

आता माफीकडं परत येतो. २००८ च्या केंद्राच्या बजेटात शेतकऱ्यांना ६० हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली. २०१७ साली आपल्या राज्यानं ३४ हजार कोटींची केली. शेतकरी मरतोय, त्याचं कर्ज जावं, ह्याच्या विरोधात मी नाही. पण रेघ बघा. माफी बँकेच्या, सोसायटीच्या कर्जाला. ज्याच्या नावावर गुंठा नाही त्याला पीककर्ज कोण देतं? आणि कर्ज नाही तर माफी कशाची? भूमिहीनाचं देणं सावकाराकडं, मुकादमाकडं, दुकानदाराकडं. ते कुठल्याच यादीत नाही. माझा बाप बीडकडून उसाला जायचा. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घ्यायची, मग सहा महिने पाचटाच्या खोपीत. हंगाम संपला की मुकादम सांगणार, फिटली नाही, इतके राहिले, पुढच्या साली या. वही मुकादमाची, काटा कारखान्याचा, कोयता आपला. बाप एका रात्री आईला आणि मला घेऊन मुंबईला पळून आला. गावात अजून म्हणतात, उचल बुडवून पळाला. किती वर्षं त्याच्या अंगातून किती ऊस तोडून घेतला, हे कुणी म्हणत नाही.

कायदा आहे. घटनेच्या २३ व्या कलमानं वेठबिगारी बंद. १९७६ च्या कायद्यानं वेठबिगाराचं कर्जच रद्द. १९८२ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं ही सक्तीचीच मजुरी. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानं परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे, बळकावलेली जमीन चौकशी करून परत मिळू शकते, अर्ज जिल्हा उपनिबंधकाकडं. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं लिहून दिलंय की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही, धमकी नाही, बदनामी नाही. हे पाठ करा. पण हम्मुराबीच्या दगडावरही चांगलं लिहिलं होतं. दगड आपोआप चालत येत नाही.

कुणी म्हणेल, मग काय, घेतलेलं बुडवायचं? तसं मी म्हणत नाही. आपल्या वस्तीत उसनं चालतं. शेजारणीकडून पीठ, दोस्ताकडून शंभर, भिशीचा नंबर आजारी माणसाला आधी. ते फेडलंच पाहिजे, कारण उद्या त्याला लागलं तर आपण देणार. उसन्यात दोघांची मान सारखी असते. कर्जात एकाची खाली जाते. आणि आपलं काही चुकत नाही असंही नाही. लग्नात डीजे, हळदीला मटण, दोन लाखांचं कर्ज. साध्या बौद्ध विवाहाला फारसा खर्च लागत नाही हे आपणच विसरलो. बाजूच्याला दाखवायला आपण आपल्या पोरीचं पुढचं सगळं आयुष्य हप्त्यावर लावतो. हे आपल्याच तोंडानं बोललं पाहिजे.

तर त्या दिवशी मी त्या पोराला आत बसवलं. आईनं चहा दिला. मी विचारलं, 'तुझं कसं चाललंय?' त्यानं फोन बंद केला आणि बोलायला लागला. ज्या मोटरसायकलवर वसुलीला फिरतो ती हप्त्यावर आहे. टार्गेट नाही झालं तर पगार कापतात. त्याच्याच बहिणीच्या दारात गेल्या महिन्यात दुसऱ्या कंपनीचा वसुलीवाला आला होता, तोही आपलाच, बाजूच्या वस्तीतला. म्हंजे घ्यायला आपण, मागायला आपण, भांडायला आपण. पैसा मात्र आपल्यापैकी कुणाचाच नाही. जुन्या काळी वेठीला नेताना निरोप द्यायला महारालाच पाठवायचे. हे काम अजून गेलेलं नाही, फक्त टाय लागला.

आम्ही दोघांनी माझा करारनामा काढला आणि ओळ ओळ वाचला. मुद्दल किती, कापलं किती, व्याज किती, दंड किती, एका वहीत लिहिलं. साडेआठ हजारांपोटी मी तोवर नऊ हजार दोनशे भरले होते, आणि अजून पाच हजार बाकी दाखवत होते. त्यानं तो आकडा दोनदा बघितला. म्हणाला, 'भाऊ, मी रोज असे वीस जण गाठतो. हिशेब कधी बघितला नव्हता.'

मला एवढंच सुचतंय. सुप्याच्या लोकांना वही जाळता आली, कारण वही गावात होती. आमची वही कुठल्या तरी मशीनमध्ये आहे, तिला काडी लावता येत नाही. मग आपली वही आपण लिहू. दर रविवारी बुद्धविहारात, जिमखान्यात, नाहीतर नाक्यावरच बसा. ज्याच्या घरी कर्ज असंल त्यानं कागद घेऊन यावं. लपवून नाही, सगळ्यांसमोर. चार शिकलेल्या पोरांनी वाचून दाखवावं, मुद्दल आणि व्याज वेगळं मांडावं. जिथं कायदा मोडलाय तिथं दहा जणांनी मिळून अर्ज घेऊन जावं. उसाच्या उचलीचा, सालगड्याच्या सालाचा हिशेब गावाकडून मागवावा. आणि पुढच्या वेळी सरकार माफीची यादी काढील तेव्हा विचारावं, भूमिहीनाचं पान कुठंय?

तो पोरगा येत्या रविवारी येतो म्हणालाय. नोकरी सोडलेली नाही त्यानं, सोडून खाणार काय? पण येतो म्हणालाय, आणि आपल्या मोटरसायकलचे कागद घेऊन येणार आहे. माझी वही तयार आहे. तुम्ही तुमची आणा. आजाच्या गोठ्यातल्या सालांपासून लिहायला घेऊ, मग बघू कोण कुणाचं देणं लागतं.